आठ कोनांचं घड्याळ

आमच्याकडं घड्याळ लागायचं ते पाण्यासाठी. खोडशीच्या बंधाऱ्यावरनं निघालेला कृष्णा कालवा आमच्या शिवारातनं जातो. पाळी आली की रात्री-अपरात्री दारं धरायला जायचं, आणि एकाची वेळ संपली की दुसऱ्यानं पाणी आपल्या पाटात वळवायचं. पाच मिनिटं इकडंतिकडं झाली तरी खोरी उगारली जायची. आमच्या चारीवर मनगटी घड्याळ एकट्या आबांकडं. उसाच्या पहिल्या बिलातनं घेतलेलं एचएमटी जनता. आबा सांगतील ती वेळ, असा रिवाजच होता.

१९७९ च्या उन्हाळ्यात पट्ट्याची पिन निसटून ते खाली पडलं आणि वरनं बैलगाडीचं चाक गेलं. माती भुसभुशीत म्हणून मशीन वाचलं. काच फुटली, डबी चेपली, पट्टा अडकवायचे कान तुटले. तालुक्याच्या घड्याळजीनं बॅलन्सचा आस बदलून टिकटिक सुरू करून दाखवली. पण डबी पुण्याहून यायला महिना लागेल म्हणाला. आमची पाळी बारा दिवसांवर आली होती.

त्याच्या टेबलावरच्या काचेखाली परदेशी मासिकाचं एक पान होतं. आठ कोनांचं पोलादी घड्याळ, कडेनं आठ स्क्रू. ओदेमार पिगे कंपनीचं रॉयल ओक. जेराल्ड जेंटानं पाणबुड्याच्या शिरस्त्राणावरनं ते सुचून काढलं आणि १९७२ मध्ये ते बाजारात आलं, हे मला पुढं कळलं. साध्या पोलादाचं घड्याळ सोन्याच्या भावात विकायला ठेवलं म्हणून तेव्हा लोक हसले होते म्हणे. त्या दिवशी मला एवढंच दिसलं, की ह्या घड्याळाला नाजूक कानच नाहीत. मी आयटीआयला टर्नरच्या दुसऱ्या वर्षाला होतो. आबांना म्हटलं, "डबी मी करतो."

आबा नुसतं "बघ" म्हणाले.

ओळखीच्या लेथवाल्यानं स्टेनलेस स्टीलच्या गजाचा तुकडा दिला. मशीन जेमतेम इंचभर रुंद, पण त्याच्या मापाचं घर कोरायचं म्हणजे जीव जातो. स्टेनलेस मोठं हट्टी. ड्रिल जरा रेंगाळलं, की ती जागा आणखी कठीण होऊन बसते. मग कितीही दाबा, नुसती किंचाळते. लेथवर गोल निघाला. कोन मात्र हातानंच. कर्कटकानं वर्तुळाचे आठ भाग पाडले आणि पाच रात्री कंदिलाच्या उजेडात कानस चालवली. आई म्हणायची, "दात शिवशिवत्यात रं, बास कर."

चावीच्या दांडीचं भोक सगळ्यात जोखमीचं. ते केसभर वर-खाली झालं तर दांडी घासते, चावी जड फिरते. तीन वेळा मोजून मगच पाडलं. काचेखाली सायकलच्या ट्यूबची चकती घातली, धूळ-पाणी जाऊ नये म्हणून. स्क्रू गजराच्या जुन्या घड्याळाचे, पितळी. वरखाली खाचा पाडून चामडी पट्टा ओवला.

एक गोष्ट मात्र मनासारखी होईना. चित्रातल्या आठही स्क्रूंच्या चिरा एका गोलात, ओळीनं बसलेल्या. माझ्या आठ जणांची आठ तोंडं. अस्सल घड्याळात त्या स्क्रूंची डोकी षटकोनी असतात, खाचेत बसलेली. ती फिरतच नाहीत, आवळायचं ते मागनं. मला कुठलं ठाऊक? मी एकेका स्क्रूचं डोकं खालनं किंचित घासायचो, आवळून बघायचो, परत काढायचो. त्यातच दोन दिवस गेले. त्याची काही गरज नव्हती. पण आबांनी चष्मा लावून पहिल्यांदा बोट फिरवलं ते त्या चिरांवरच.

(ती ओदेमार पिगे ज्या ल ब्रासू गावची, त्या खोऱ्यातले शेतकरीही बर्फाच्या दिवसांत घरात बसून घड्याळाचे भाग करायचे, असं पुढं वाचलं. मला फार बरं वाटलं.)

पाळीला तीन दिवस राहिले तेव्हा शेजारचे नाना चावडीपुढं मोठ्यानं म्हणाले, "पोरानं कानशीनं घासलेल्या घड्याळावर मी पाणी सोडायचा न्हाई."

आबा चिडले नाहीत. रोज सकाळी बातम्यांआधी रेडिओ चावडीच्या कट्ट्यावर ठेवायला लागले. पिप वाजले की मनगट नानांपुढं. पहिल्या दिवशी काही सेकंद पुढं, दुसऱ्या दिवशी जरा जास्त, तिसऱ्या दिवशीही अर्ध्या मिनिटाच्या आत. नाना काही बोलले नाहीत. मला मात्र त्या तीन रात्री झोप नव्हती. चिखलात, गारठ्यात ते बंद पडलं तर हसं माझं होणार होतं, पण शब्द आबांचा जाणार होता.

पाळीच्या रात्री दोनपर्यंत पाणी आमचं, मग नानांचं. आबांचे हात कोपरापर्यंत चिखलात. मी बांधावर बसून कान देत होतो, जणू तिथनं टिकटिक ऐकू येणार होती.

अंधारातनं नानांची हाक आली, "आबा, किती झालं?"

आबांनी धोतराला हात पुसला, मनगटावर बॅटरी मारली. "सात मिनिटं हायती अजून."

नानांनी खोरं आडवं टाकलं, बांधावर बसले आणि चंची सोडली.