कॉफीचें गोत्र

कर्नाटकांत चिकमगळूरच्या उत्तरेस बाबाबुडणगिरीची रांग लागते. येथें मार्च-एप्रिलांत वळवाची सर पडली, कीं आठ-दहा दिवसांत कॉफीचे मळे पांढऱ्या फुलांनीं भरून जातात. सुगंधावरून प्रवाशास वाटावें, ही जाईचीच बहीण! परंतु सुवास हा गोत्राचा पुरावा नव्हे. वाचकांनीं फांदीचें पेर न्याहाळावें. पानें जाईप्रमाणेंच समोरासमोर. पण दोन देठांमधील इवलेंसें उपपर्ण जाईस नसतें. शिवाय कॉफीचा बीजकोश पाकळ्यांच्या खालीं असतो. हींच लक्षणें कदंबांत व कोयनेल देणाऱ्या सिंकोन्यांत दिसतात. मंजिष्ठेंत तर उपपर्णेंच पानांएवढीं होतात. बाबाबुडणांनीं येमेनांतून बिया आणल्या, अशी आख्यायिका आहे. पण या पाहुणीचे भाऊबंद सह्याद्रीच्या रानांत आधींपासूनच नांदत होते.