भूल

‘भूल’ म्हणजे चूक आणि भूल म्हणजे गुंगीही. मी दोन्ही एकदमच पदरात घेतल्या, असे आमच्या आत्याबाईंचे मत! शल्यचिकित्सेची मिळालेली जागा पहिल्याच वर्षी सोडून, पुन्हा प्रवेशपरीक्षा देऊन मी भूलशास्त्र घेतले. दारावर ‘सर्जन’ अशी पाटी लागायची, ती राहिली.

न्यूयॉर्कच्या व्हर्जिनिया अपगारही १९३३ मध्ये डॉक्टर होऊन शल्यचिकित्साच शिकू लागल्या. वरिष्ठांच्या सल्ल्याने त्या भूलशास्त्राकडे वळल्या. श्वास, नाडी, रंग अशा पाच खुणा पाहून नवजात बाळाला १० पैकी गुण देण्याची त्यांची १९५२ ची रीत आज जगभर चालते.

शस्त्रक्रियेच्या वेळी माझी नजर जखमेवरून सारखी श्वासाकडेच जाई. आता तेच माझे काम. रोग्याला माझे नाव ठाऊक नसते. तो जागा होतो, एवढे मला पुरते.