त्याच्या वाटणीचा बाबा

नातवाचं आडनाव बदललं याचं मला दुःख नाही, हे माझ्या सख्ख्या बहिणींनाही पटत नाही. पण ते खरं आहे. माझा मुलगा अपघातात गेला तेव्हा पोर जेमतेम चालायला लागलं होतं. सूनबाई तिशीतली. तिनं पुन्हा लग्न करावं हे आधी मीच बोलले. वर्षश्राद्ध उरकल्यावर, स्वयंपाकघरात, भाजी निवडता निवडता. ती रडली आणि नंतर दोन दिवस माझ्याशी बोललीच नाही.

आमचं गाव दापोली तालुक्यात, मुरूडच्या अलीकडे. 1893 साली धोंडो केशव कर्व्यांनी गोदूबाईंशी, एका विधवेशी, लग्न केलं आणि याच मुरूडनं त्यांना वाळीत टाकलं. त्या मुलखातल्या एका सासूनं सुनेचं लग्न पुढाकार घेऊन लावून दिलं, याचा मला तेव्हाही आनंद होता, आजही आहे. जावई म्हणावा असाच माणूस मिळाला तिला. पहिल्या भेटीतच पोराला खांद्यावर घेऊन बागेत फिरवून आणलं त्यानं.

पुढे दत्तकपत्र झालं, दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात रीतसर नोंदलं गेलं. मला ते नंतर कळलं. आधी कळवायला हवं होतं, असं कायदाही म्हणत नाही. 1956 च्या हिंदू दत्तक कायद्याप्रमाणे बाप हयात नसेल तर मूल दत्तक देण्याचा अधिकार एकट्या आईचा. आजी-आजोबांची संमती लागत नाही, सहीसुद्धा लागत नाही.

मग येणं लांबलं. दिवाळी गेली, मे महिना गेला. "आई, तो आता ह्यांना बाबा म्हणतो. तुमच्याकडे आला की भिंतीवरचा फोटो बघून विचारत राहतो. थोडे दिवस जाऊ देत," सूनबाई फोनवर म्हणाली. आवाजात कडवटपणा नव्हता, काळजी होती. मला ती काळजी समजते. पण ते थोडे दिवस अजून संपलेले नाहीत.

माझा भाचा वकिली करतो. तो म्हणाला, मावशी, 1890 चा पालक आणि पाल्य कायदा आहे, भेटीपुरता अर्ज करता येईल. त्यानंच मला आंध्रातलं एक प्रकरण वाचून दाखवलं. मुलगा अडीच महिन्यांचा असताना बाप वारला. आईनं वर्षभरानं दुसरं लग्न केलं. आजी-आजोबा पालकत्व मागायला कोर्टात गेले. खालच्या कोर्टानं मूल आईपासून तोडलं नाही, पण आजी-आजोबांना मर्यादित भेटी दिल्या. नंतर वाद आडनावावर गेला. उच्च न्यायालय म्हणालं, मुलाला जन्मदात्या बापाचं आडनाव परत लावा. 2022 च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते रद्द केलं. कागदोपत्री आईच्या नवऱ्याला सावत्र बाप म्हणून दाखवणं पोराच्या मनाच्या दृष्टीनं क्रूरपणाचं आहे, असं न्यायमूर्तींचं म्हणणं पडलं. तोवर त्या मुलाचंही दत्तकपत्र झालेलं होतं. भाचा वाचत होता आणि मला दोन्हीकडचं पटत होतं. पोरानं एका घरात एका नावानं वाढावं हे बरोबरच आहे. पण निकाल लागेपर्यंत तो मुलगा सोळा वर्षांचा झाला होता. त्या आजी-आजोबांच्या हातात त्याचं बालपण किती आलं असेल?

अमेरिकेतही असंच घडलं. वॉशिंग्टन राज्यात, बाप वारलेल्या दोन मुलींना आईच्या नव्या नवऱ्यानं दत्तक घेतलं. आजी-आजोबांना कोर्टानं महिन्याचा एक शनिवार-रविवार, उन्हाळ्यातला एक आठवडा आणि दोघांच्या वाढदिवसाला चार-चार तास नेमून दिले. तेही टिकलं नाही. 2000 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं आईच्या बाजूनं निकाल दिला. ते चार तास मात्र माझ्या डोक्यातून जात नाहीत. वाढदिवसाला औक्षण करायचं, जेवायला वाढायचं, आणि डोळा घड्याळावर ठेवायचा.

आपल्या दत्तक कायद्याचं बारावं कलम मी स्वतः वाचलं. दत्तक गेलं की जन्मघराशी असलेले सगळे संबंध तुटले असं मानायचं. मात्र दोन गोष्टी सुटत नाहीत. जन्मघरातल्या नात्यात जिथं लग्न चालत नव्हतं तिथं पुढेही चालायचं नाही, आणि दत्तक जाण्याआधी जी मालमत्ता मुलाच्या नावावर झाली ती त्याचीच राहते. म्हणजे कायद्याला जन्मघराचं रक्त आठवतं, जमीन आठवते. आमच्या ह्यांनी हयातीत वीस गुंठ्यांची कलमं बक्षीसपत्रानं मुलाच्या नावे केली होती. त्याच्या पश्चात वारसनोंद झाली. सात-बाऱ्यावर माझं नाव, सूनबाईचं नाव, आणि खाली नातवाचं, जुन्या आडनावासकट, पुढे "अ.पा.क. आई" असं, म्हणजे मूल अज्ञान, पालनकर्ती आई. तलाठ्याच्या दप्तरात आम्ही अजून एका घरची माणसं आहोत. हापूसच्या विक्रीतला त्याचा हिस्सा मी दरवर्षी त्याच्या खात्यात भरते, तो पोचतो.

पण बापाकडून येणारं सगळंच काही गुंठ्यांत मोजता येत नाही. शेवटचा आला होता तेव्हा नातू पडवीत बसून जांभळं खात होता. जीभ, हनुवटी, बनियन, सगळं जांभळं. मला म्हणाला, "आज्जी, अजून जांभूल दे." मी जागच्या जागी थिजले. त्याच्या बाबालाही ळ यायचा नाही. कावला, शाला, फला. मी शाळेत इतरांची पोरं शिकवायचे आणि घरी माझंच पोर "बाल" म्हणायचं. कावळा, बगळा, तळं असं रोज संध्याकाळी त्याच्याकडून म्हणून घ्यायचे, काही उपयोग झाला नाही. तिसरीत असताना, दिवाळीच्या सुट्टीत, पायरीवर बसून करंजी खाता खाता एकाएकी म्हणाला, "आई, हे खोबरं ओळं आहे." ओलं म्हणायचं होतं त्याला. पुढे आठवडाभर घरातल्या प्रत्येक ल चा त्यानं ळ केला.

आता नातवाला त्यासाठी स्पीच थेरपिस्टकडे नेतात, असं विहीणबाईंकडून कळलं. न्यावं, माझी ना नाही. पण हे त्याच्या बाबालाही होतं आणि गेलं, हे त्याला सांगणारं तिकडे कोणी नाही. सूनबाईला तो भेटला तेव्हा त्याचा ळ स्वच्छ होता. बारावीला गणितात नापास होऊन तो दोन रात्री बागेतल्या खोपीत राहिला, माझ्या हातचं जेवला नाही, आणि ऑक्टोबरला पास झाला, हेही तिला ठाऊक नसणार. असलं कोणी बायकोला सांगतं का? माझा मुलगा नवरा होण्याआधी सव्वीस वर्षं नुसता मुलगा होता. ती वर्षं आता फक्त माझ्याकडे आहेत, आणि ती नातवाची आहेत. मी त्याला भेटायला मागते ती माझी हौस म्हणून मागते, असं समजू नये.

2015 साली विधी आयोगानं मुलांच्या ताब्याविषयी अहवाल दिला, त्यात आजी-आजोबांच्या सहवासाचाही विचार केला होता. कायद्यात तो आला नाही. मला विचाराल तर, दत्तक देताना आजी-आजोबांना अडवण्याचा हक्क मुळीच नसावा. पण त्यांना बोलावून एकदा ऐकून घ्यावं आणि भेटींचं काय ते त्याच कागदात लिहावं. नंतर भांडून मिळालेल्या तासांत पोराला गोष्ट सांगता येत नाही.

भाच्यानं अर्जाचा मसुदा करून ठेवला आहे. मी सही केलेली नाही. सूनबाईला पत्र लिहिलं. आधी ळ बद्दल सगळं लिहिलं, मग बारावीबद्दल. शेवटी बागेचं लिहिलं: अठरा पूर्ण झाली की नावापुढचं अ.पा.क. काढायला त्याला स्वतः तलाठ्याकडे अर्ज करावा लागेल, तेव्हा वयाचा दाखला लागेल आणि दत्तकपत्राची प्रतही. दोन्ही नावांचे कागद नीट सांभाळून ठेव.