तळहाताचा घाम

माझ्या तळहातांना लहानपणापासून घाम येतो. थंडीतही येतो. बी.एस्सी. ॲग्रीचे पेपर मी मनगटाखाली हातरुमाल धरून लिहिले आणि नोकरीत पीकपाहणीच्या नोंदी करतानाही रुमाल सुटला नाही. आता तेच पुतण्याच्या वाट्याला आले आहे. रेशनच्या दुकानात मशीनवर त्याचा अंगठा उमटत नाही. लग्नाचे पाहणे चालू आहे, तर पाहुण्यांशी हात मिळवायला लाजतो. परवा म्हणाला, "काका, ऑपरेशन करून टाकू का?"

हा घाम पुष्कळदा घराण्यात चालत येतो. दोन्ही हातांना सारखा येतो व झोपेत थांबतो. रात्री अंग भिजत असेल, वजन घटत असेल, छाती धडधडत असेल, तर दुखणे निराळे. डॉक्टरांकडून थायरॉइड, साखर तपासून घ्यावी. आणि फवारणीनंतर एकाएकी घाम, लाळ, उलट्या सुरू झाल्या तर ती विषबाधा समजावी. कपडे काढून साबणाने अंग धुवावे, औषधाचा डबा बरोबर घ्यावा आणि तडक दवाखाना गाठावा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसे दगावली, ते आपण विसरू नये.

तुरटीच्या पाण्यात हात बुडवण्याचा उपाय मी वर्षानुवर्षे केला. घटकाभर बरे वाटते, एवढेच. तुरटी हा ॲल्युमिनियमचाच क्षार. कातडीचे डॉक्टर २० टक्के ॲल्युमिनियम क्लोराइडचे औषध देतात, ते त्याहून जोरकस. रात्री हात पुरते कोरडे करून लावायचे, सकाळी धुवायचे. तळहाताची कातडी जाड, म्हणून काखेइतका गुण येत नाही. खुरप्याने भेगाळलेल्या हाताला तर झोंबतेच.

मला गुण आला तो पाण्याच्या उपायाने. आयन्टोफोरेसिस असे त्याचे अवघड नाव आहे. दोन उथळ ट्रेमध्ये साधे नळाचे पाणी घेतात, अंगठ्या-बांगड्या काढून एकेक हात त्यात ठेवायचा आणि यंत्रातून अगदी सौम्य वीज सोडतात. वीसेक मिनिटे मुंग्या येतात. आधी आठवड्यातून तीनदा, मग हात कोरडे झाले की आठवड्याने एकदा. सोडले की घाम परत येतो. गरोदर बाई, पेसमेकर बसवलेला किंवा हाडात धातूची पट्टी असलेला माणूस, यांना हे चालत नाही. आपल्याकडे कोणी टोपल्यात मोटारीच्या वायरी सोडून पाहील, म्हणून बजावतो: जीव जाईल. यंत्र डॉक्टरांच्या सल्ल्यानेच वापरावे.

ग्लायकोपायरोलेट किंवा ऑक्सिब्युटिनिनच्या गोळ्यांनी घाम कमी होतो, पण साऱ्या अंगाचा. तोंड सुकते, पोट साफ होत नाही. सावलीत बसणाऱ्याचे निभेल. मे महिन्यात उसाला पाणी देणाऱ्याचे अंग घामानेच थंड राहते. तो अडवला तर उष्माघाताची भीती. बोटॉक्सच्या सुया तळहातात ठिकठिकाणी टोचतात. त्या दुखतात, महाग पडतात, काही महिनेच टिकतात आणि काही दिवस मूठ ढिली पडू शकते. धार काढणाऱ्याने काय करायचे?

राहिले ऑपरेशन. दुर्बिणीतून छातीतली घामाची नस तोडतात. हात लगेच कोरडे होतात, हे खरे. पण पुष्कळांना मग पाठीला, पोटाला, मांड्यांना घाम फुटू लागतो आणि काहींना तो इतका येतो की जुने दुखणे परवडले म्हणतात. तुटलेली नस भरवशाने पूर्ववत करता येत नाही. उन्हात राबणाऱ्या पोराने एवढ्यात तिकडे वळू नये, असे मी त्याला सांगितले.

त्याला ते रुचले नाही. लग्नाआधी हात कोरडे हवेत म्हणतो. तरी सध्या दर बाजारच्या दिवशी पाण्याच्या उपायाला जातो आहे. वहिनी म्हणतात, मुलीकडच्यांना हाताचे आधीच सांगून टाकू. मला ते पटते.