धसका

बदलीच्या नोकरीत माणूस चार परक्या भाषांशी सलगी करतो; पण वाईट बातमी त्याला मातृभाषेतच येते, आणि ती बहुधा रात्री येते. गेल्या श्रावणात मल्लेश्वरमच्या आमच्या घरी मिरजेहून फोन आला, तोही रात्री नऊनंतर. वहिनींचा धाकटा भाऊ अकस्मात गेला होता. थोरल्या बंधूंच्या पश्चात वहिनी आमच्याकडे बंगळूरला राहावयास आल्या, त्याला जेमतेम वर्ष झाले होते. वय ६८.

फोन खाली ठेवून त्या पलंगावर बसल्या. रडल्या नाहीत. थोड्या वेळाने म्हणाल्या, "भाऊजी, छातीवर कुणी पाटा ठेवल्यासारखं वाटतंय."

हिशेब खात्यात ३५ वर्षे काढलेल्या माणसाजवळ कोणत्याही प्रकरणावर मारता येईल असा एक शेरा तयार असतो. मी म्हणालो, "वहिनी, आता मन घट्ट करायला हवं." पत्नीने लिंबू-सोडा करून दिला. धसका घेतला आहे, झोप लागली की उतरेल, असा निर्णय आम्ही देऊन टाकला. केवळ हृदयरोगाला वाहिलेली जयदेव संस्थेसारखी मोठी सरकारी संस्था ज्या शहरात आहे, त्या शहरात आम्ही ती रात्र लिंबू-सोड्यावर काढली.

सकाळी खालच्या मजल्यावरील वृद्ध कानडी बाई समाचाराला आल्या. वहिनींचा घामेजलेला चेहरा पाहताच सांत्वनाचा एक शब्दही न बोलता त्या माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "आस्पत्रेगे होगी!" इस्पितळात जा! इतक्या वर्षांत कानावर पडलेल्या कानडीत याहून उपयोगी वाक्य मला आठवत नाही.

इस्पितळात कार्डिओग्राम झाला, रक्त तपासले गेले. दोन्हींची साक्ष हृदयविकाराच्या झटक्याची. परंतु अँजिओग्राफीत पाहावे, तो हृदयाच्या रक्तवाहिन्या मोकळ्या! धारवाडकडच्या एक तरुण डॉक्टरबाई होत्या. मराठी बऱ्यापैकी बोलत. त्यांनी कागदावर एक मडके काढले, अरुंद गळ्याचे आणि फुगीर पोटाचे. जपानातील कोळी ऑक्टोपस धरण्यासाठी असे मडके समुद्रात सोडतात. त्याला 'ताकोत्सुबो' म्हणतात. वहिनींच्या हृदयाचा डावा कप्पा आकुंचन पावताना नेमका तसा दिसत होता: वरचा भाग आवळला जातो, खालचे टोक मात्र लुळे पडून फुगते. सातो आणि त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी १९९० मध्ये या विकाराचे प्रथम वर्णन केले आणि हेच नाव रूढ झाले.

धक्का बसताच अ‍ॅड्रिनलिन व त्याच्या जातीची द्रव्ये रक्तात लोटतात. २००५ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा रुग्णांच्या रक्तात ती द्रव्ये नेहमीच्या झटक्याच्या रुग्णांहूनही दुप्पट-तिप्पट आढळली. त्या लोंढ्याने हृदयाचा स्नायू काही काळ बधिर होतो. युरोप-अमेरिकेतील १७५० रुग्णांची नोंद २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांत शेकडा ९० स्त्रिया होत्या आणि सरासरी वय ६६-६७ होते. सर्वांनाच दुःखाने गाठले होते असेही नाही. कित्येकांना आजार किंवा शस्त्रक्रिया निमित्त झाली होती, आणि चौथाईहून अधिकांना निमित्तच सापडले नाही. शंभरातले चार जण इस्पितळातच दगावले. तो आकडा ऐकताना मला आमचा लिंबू-सोडा आठवला.

स्त्रियाच का, आणि उतारवयातच का? रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन हे संप्रेरक ओसरते. ते असेतो रक्तवाहिन्यांना सैल ठेवते आणि अ‍ॅड्रिनलिनचा मारा बोथट करते. बीजांडे काढलेल्या उंदरांच्या माद्यांवर ताणाचा परिणाम अधिक दिसला, आणि इस्ट्रोजेन दिल्यावर तो कमी झाला. मात्र म्हणून बायकांनी त्या गोळ्या घ्याव्यात असे ठरलेले नाही, हेही डॉक्टरबाईंनी बजावले. मग त्यांनी विचारले, "माहेरी आणखी कुणाला असं झालं होतं?"

वहिनी बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "आई. थोरला भाऊ गेला, त्याच्या तिसऱ्या दिवशी ती गेली. सगळे म्हणाले, धसका घेतला."

आई-मुलीला किंवा सख्ख्या बहिणींना हा विकार झाल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत. अ‍ॅड्रिनलिनचा निरोप झेलणाऱ्या जनुकांत याचे मूळ शोधण्याचे प्रयत्न झाले. पण सर्वांना लागू पडेल असे एकही जनुक हाती लागलेले नाही. वहिनींच्या आईला काय झाले होते, ते आता कोण सांगणार? परंतु छातीवर पाटा घेऊन रात्रभर गप्प बसण्याची रीत वहिनींना माहेरून मिळाली होती, हे मला कळले. तिला जनुक लागत नाही.

पानिपतच्या धसक्याने १७६१ मध्ये नानासाहेब पेशवे निवर्तले, असे आम्ही शाळेत पाठ केले. विश्वासराव, माधवराव, नारायणराव हे तिन्ही पुत्र ज्यांच्या डोळ्यांदेखत गेले, त्या गोपिकाबाईंच्या काळजाचे काय झाले, हा प्रश्न मात्र आम्हांला परीक्षेत कधी आला नाही. पुरुषाचा धसका इतिहासात जमा होतो. बाईचा धसका हा स्वभाव ठरतो.

डॉक्टरबाईंचे बोलणे संपले तेव्हा वहिनींनी तो मडक्याचा कागद मागून घेतला. "म्हणजे हे माझ्या मनाचे खेळ नव्हते तर!" त्या म्हणाल्या. भाऊ गेल्यानंतर त्या प्रथमच रडल्या, आणि मला त्यांच्याकडे पाहवेना. त्या रात्री दुखण्याइतकीच त्यांना लाज वाटत होती, हे माझ्या ध्यानीही आले नव्हते.

दीड महिन्याने पुन्हा तपासणी झाली. हृदय पूर्ववत झाले होते. बहुतेकांचे असे सुधारते. काहींना पुन्हा होते, म्हणून लक्ष ठेवावे लागते.

आपल्यापैकी अनेकांनी आई, आत्या, वहिनी यांना नोकरीच्या परमुलखात आणून ठेवले आहे. तिथल्या डॉक्टरला त्याच्या भाषेत छातीवरचा पाटा त्यांना सांगता येणार नाही. त्या तो आधी आपल्याला सांगतील, आणि मराठीत सांगतील. झटका कोणता आणि धसका कोणता, हे घरी बसून डॉक्टरलाही ओळखता येत नाही. मग आपली काय कथा? तेव्हा मन घट्ट करण्याचा उपदेश उद्यावर ठेवावा, आणि आधी १०८ क्रमांक फिरवावा.