खांद्यावरचे पावणेपाच किलो

इलेक्ट्रिक गिटार वजनाला किती असते, असं हॉस्टेलवर कुणालाही विचारा. 'असेल दोनेक किलो' हेच उत्तर येतं. माझी आम्ही चक्क मेसच्या वजनकाट्यावर ठेवली. ४ किलो ७०० ग्रॅम! मेसच्या काकू म्हणाल्या, "अगं, एवढ्या तूरडाळीत अख्ख्या विंगचं वरण होईल."

गिटार लेस पॉल पद्धतीची. मूळ गिब्सन लेस पॉल १९५२ साली आली. महोगनीचं जाड अंग, वर मेपलचा थर. लाकूड भरीव, त्यामुळे चार-साडेचार किलो वजन तिथे नेहमीचंच. १९८०च्या दशकात कंपनीनेच आतून भोकं पाडून वजन उतरवायला सुरुवात केली. माझी पडली सेकंडहँड कॉपी, तिला भोकं कोण पाडणार! पण एकदा तार छेडली की सूर असा लांबत जातो की बस... दुसरी हलकी गिटार घे म्हणणाऱ्यांना हे कसं समजावणार?

तर गॅदरिंगची प्रॅक्टिस सुरू झाली. रोज तीन तास उभं राहून. पंधरा दिवसांत डावा खांदा ठणकायला लागला, मग हाताला मुंग्या. एकदा शीट काढताना ड्राफ्टर धरवेना. डॉक्टर म्हणाले, महिनाभर खांद्याला काही लटकवायचं नाही. आईचा फोनवर निकाल तयार होता : "सोडून दे. इंजिनिअर व्हायला पाठवलंय तुला." मी सहावीत असताना शाळेच्या क्वायरमध्ये सिस्टरांनी हातात गिटार दिली, तेव्हापासून वाजवतेय. जर्नल, व्हायवा, केटी या सगळ्यात माझं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच आहे. सोडून देणं जमणार नव्हतं.

पहिला सल्ला सगळ्यांचा एकच : रुंद स्ट्रॅप घे. (स्ट्रॅपला मराठीत आजी पट्टा म्हणते. आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांना पट्टा फक्त कुत्र्याचा माहीत!) घेतला. पाच सेंटिमीटरच्या जागी दहाचा. आता फर्स्ट इयरचं मेकॅनिक्स आठवा. क्षेत्रफळ दुप्पट, म्हणून दाब निम्मा, कातडीला रुतणं कमी. पण बल? ४.७ गुणिले ९.८, म्हणजे ४६ न्यूटन, ते तेवढंच राहतं. आणि ते पेलणारा स्नायू एकाच बाजूचा. शिवाय तोच डावा हात वर कॉर्ड धरायला लागतो. पट्टा कितीही रुंद करा, वजन खांद्यावरून जमिनीवर जात नाही.

माझा मामेभाऊ पुण्यात ढोल-ताशा पथकात आहे. ढोल खांद्याला नाही, कमरेला बांधतात. कमरेखाली थेट पाय, पायाखाली जमीन. चेलो आणि डबल बास तर सरळ खालच्या खुंटीवर जमिनीला टेकलेले. मग गिटारनेच काय पाप केलंय?

शोधलं तर कळलं, असा स्टँड असतो. गिटार नुसती ठेवायचा नव्हे, उभ्याने वाजवायचा. 'येस'चा स्टीव्ह हाऊ आणि 'रश'चा अ‍ॅलेक्स लाइफसन स्टेजवर तो वापरत. त्यांचं कारण वेगळं : गळ्यात इलेक्ट्रिक असतानाच समोरच्या स्टँडवरची अकूस्टिक वाजवता यावी. पण खांद्याला कारणाशी काय देणंघेणं! विकतचा परवडेना, म्हणून वर्कशॉपमधल्या काकांना मस्का लावला. भंगारातला माइक स्टँड, वर ८ मिलिमीटरची सळई वाकवून केलेला पाळणा आणि गिटारच्या कमरेला धरणारा एक हुक.

खरी डोकेफोड पायांची होती. वाजवताना स्टँड पुढे उलटता कामा नये. तीन पायांपैकी दोन पुढे ठेवले, तर उलटण्याची रेषा त्या दोघांना जोडणारी, म्हणजे मधल्या दांड्यापासून पायाच्या निम्म्या अंतरावर. एकच पाय पुढे ठेवला तर पुढच्या दिशेला पूर्ण लांबी मिळते. पाय ४० सेंटिमीटरचे, म्हणजे २० की ४०, एवढा फरक. आता एक पाय प्रेक्षकांकडे, दोन माझ्याकडे, आणि मी त्या दोघांच्या मध्ये उभी. पुढच्या पायावर वाळूची पिशवी.

पाळण्याला रबरी नळी चढवणार होतो, पण नायट्रोसेल्युलोज लॅकरच्या गिटारींवर काही रबरांचे डाग कायमचे पडतात. माझ्या गिटारला तो भारी रंग नाही, तरी जुन्या चादरीच्या चिंध्याच गुंडाळल्या. उगीच कशाला!

बँडमधली मंडळी आधी हसली. "आजीबाईंचा वॉकर," ड्रमर म्हणाला. (स्वतः बसून वाजवतो, हे विशेष.) तोटे आहेतच. हलता येत नाही, उड्या नाहीत, उंची पहिल्या दिवशी नीट लावली नाही तर मनगट वाकडं होतं आणि खांद्याचं दुखणं तिकडे सरकतं. कोपर साधारण काटकोनात राहील एवढी उंची मला जमली. स्ट्रॅप मी सैलसा अडकवूनच ठेवते, स्टँड कलंडला तर गिटार पडू नये म्हणून.

महिना संपल्यावर, डॉक्टरांना विचारून, गॅदरिंगला पाच गाणी वाजवली. चार स्टँडवर, शेवटचं खांद्यावर घेऊन, कारण त्यात उड्या होत्या. दुसऱ्या दिवशी शीटही काढली. आईला फोटो पाठवला तर तिचा प्रश्न, "ती वाळूची पिशवी कशाला?"

स्टँड सध्या गर्ल्स हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये आहे. त्यावर ओले टॉवेल वाळत घालू नयेत ही नम्र विनंती. कुणाला मापं हवी असतील तर देईन, पण सबमिशन झाल्यावर.