जैसलमेरच्या किल्ल्यातला रविवार

त्या रविवारी आम्हा तिघांना आउटपास मिळाला. आठवडाभर वाळू तुडवल्यावर सिव्हिल कपडे चढवले आणि जैसलमेरचा किल्ला पाहायला निघालो. मी, एक गढवाली आणि एक तमिळ जवान.

रावळ जैसल यांनी ११५६ मध्ये त्रिकूट टेकडीवर हा किल्ला वसवला. पिवळा वालुकाश्म, ९९ बुरूज, एकामागून एक चार दरवाजे. आपले बहुतेक गड आज ओस पडलेत. इथे मात्र तटाच्या आत अजून माणसं नांदतात. बुरुजाशी कपडे वाळत होते, जैन मंदिरांजवळच्या बोळात पोरं खेळत होती.

एका घराच्या भिंतीवर गणपती रंगवलेला. खाली वधूवरांची नावं आणि लग्नाची तारीख. इथे लग्नाचं आमंत्रण असं भिंतीवर लिहितात, आणि ते नंतरही तसंच राहतं.

तारीख वाचून मी थबकलो. त्याच दिवशी गावी माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न होतं. रजा मिळाली नव्हती. तिच्यावर अक्षता पडल्या तेव्हा मी इथेच, सीमेवरच्या चौकीत होतो. तो सल कुणाला बोललो नव्हतो. त्या दोघांना सांगितला.

गढवाली थोडा वेळ भिंतीकडे पाहत राहिला. म्हणाला, "म्हणजे त्या दिवशी तू दोन लग्नांचा पहारा देत होतास."

रोल कॉलच्या आधी परतलो. रात्री बहिणीला फोन लावला. तिचा पहिला प्रश्न नेहमीचाच, "दादा, जेवलास का?"